मराठी स्पेलचेक पुन्हा ‘गेला’? लिब्रेऑफिस रायटरमध्ये आधी काय बघायचं

तालुक्याच्या कोर्टासमोर आमचं टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदीचे अर्ज, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, अधूनमधून एखाद्या निवृत्त गुरुजींचं आत्मचरित्र. सगळं काम लिब्रेऑफिस रायटरवर, म्हणजे वर्डसारख्या पण फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतं. आजूबाजूच्या दोन-चार ऑफिसांतही मीच ते घालून दिलंय, त्यामुळे बिघडलं की फोन मलाच येतो. वाक्य ठरलेलं: “दादा, स्पेलचेक गेला.”

बहुतेक वेळा काहीही गेलेलं नसतं. मशीन तुमच्या मराठीला हिंदी समजत असतं. दोन्हींची लिपी देवनागरी, त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून त्याला भाषा कळत नाही. मजकुराला ‘ही मराठी’ अशी चिठ्ठी लावलेली असावी लागते. ही चिठ्ठी कीबोर्ड लावतो, फाइल लावते, स्टाइल लावते, सेटिंगही लावतं, आणि यातल्या एकानं जरी घोळ घातला तरी पान लालेलाल होतं. तेव्हा प्रोग्रॅम काढून पुन्हा घालायला जाऊ नका. साप साप म्हणून भुई धोपटण्यासारखं आहे ते. अर्धा दिवस जातो आणि जुनं सेटिंग प्रोफाइलमध्ये, म्हणजे तुमची सेटिंग्ज साठवणाऱ्या फोल्डरमध्ये, तसंच बसलेलं असल्यामुळे दुखणंही कायम राहतं.

लक्षणं

तक्रार एकच असली तरी तिचे प्रकार वेगळे, आणि प्रकार कळला की निम्मं काम झालं.

- ‘आहे’, ‘आमचा’ अशा साध्या शब्दांखालीही लाल नागमोडी रेघ. उजवं क्लिक केलं की सुचवलेले शब्द हिंदी.
- एकही रेघ नाही. एफ-७ दाबलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत तपासणी पूर्ण झाल्याचा निरोप.
- एकाच फाइलमध्ये तीन परिच्छेद स्वच्छ आणि चौथा लाल.
- बाकी सगळं ठीक, पण ठरावीक शब्दच लाल, आणि डोळ्यांना ते बरोबर दिसतात: दु:ख, शेतकऱ्यांना, ॲडव्होकेट.
- उघड चुकीचा शब्द बिनबोभाट पास.
- काल दुरुस्त केलं, आज नवी फाइल उघडली की पुन्हा तेच.

मी गेलो की आधी कोऱ्या पानावर चार शब्द टाइप करतो: आहे, आमचा, है, हमारा. पहिले दोन स्वच्छ आणि शेवटचे दोन लाल असतील तर मराठी शब्दकोश नीट काम करतोय, दोष तुमच्या त्या विशिष्ट फाइलमध्ये आहे. उलटं असेल तर हिंदी शब्दकोश चालू आहे. चारही स्वच्छ असतील तर तपासणी बंद आहे किंवा त्या भाषेचा शब्दकोशच नाही. शब्दकोश नसला की रायटर तक्रार करत नाही, गप्प बसतो. चारही लाल म्हणजे भाषा भलतीच लागलीय किंवा शब्दकोशाची फाइल खराब झालीय. खालची प्रत्येक पायरी केल्यावर हेच चार शब्द पुन्हा टाइप करून बघा. जुने पुसून नव्याने टाइप करा, कारण जुन्या शब्दांना जुनी चिठ्ठी चिकटलेली असते.

दोन सेकंदांची तपासणी

शिफ्ट धरून एफ-७ दाबा. आपोआप तपासणी चालू-बंद करणारी कळ ती. एफ-७ ला जाताना बोट शिफ्टवर पडतं आणि रेघा गायब होतात. हसू नका, एका पतसंस्थेत मी यासाठी भर पावसात गेलोय.

खालच्या पट्टीवर कुठली भाषा आहे?

लाल शब्दावर कर्सर ठेवा आणि खिडकीच्या अगदी खालच्या पट्टीत बघा. तिथे भाषेचं नाव असतं. ‘हिंदी’ दिसलं तर चोर सापडला. ‘नन’ दिसलं तर त्या मजकुराची तपासणीच करू नये असं कोणीतरी सांगून ठेवलंय, आणि एफ-७ क्षणात संपतं ते त्यामुळेच.

पूर्ण फाइल सरळ करायची तर टूल्स → लँग्वेज → फॉर ऑल टेक्स्ट → मराठी. मध्ये इंग्रजी शब्द असले तरी त्यांना धक्का लागत नाही, कारण रायटर रोमन लिपीची आणि देवनागरीची भाषा वेगवेगळी जपतो.

एखाद-दुसरा परिच्छेदच लाल असेल तर तो बहुधा दुसरीकडून आणून चिकटवलेला आहे. वेबवरून किंवा ईमेलमधून मजकूर उचलला की त्याच्यासोबत रंग-फाँट येतात तशी भाषेची चिठ्ठीही येते. म्हणून चिकटवताना कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-व्ही वापरा, नुसता मजकूर येतो. आमच्या दुकानात ही सवय लावायला सहा महिने गेले.

वर्ड वापरणाऱ्यांनाही हा आजार होतो. तिथे रिव्ह्यू → लँग्वेज → सेट प्रूफिंग लँग्वेजमध्ये मराठी निवडा, आणि त्याच चौकटीत ‘डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर’वर खूण असेल तर काढा. पुढच्या पायऱ्या मात्र रायटरच्याच आहेत.

कीबोर्ड: पुन्हा पुन्हा येणाऱ्या तापाचं मूळ

“कालच तर नीट करून दिलं होतं” ही तक्रार आली की मी आता थेट टास्कबारकडे बघतो. विंडोजमध्ये कीबोर्डला भाषा जोडलेली असते. हिंदीचा इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कीबोर्ड) आणि मराठीचा इनस्क्रिप्ट यांची मांडणी जवळपास सारखीच, बोटांना फरक कळतच नाही. पण हिंदी कीबोर्ड निवडून टाइप केलंत तर रायटर विंडोजचं ऐकतो आणि येणाऱ्या प्रत्येक अक्षरावर ‘हिंदी’ची चिठ्ठी लावत जातो. तुम्ही सकाळी सगळा मजकूर मराठी करा, दुपारी टाइप केलेला परिच्छेद पुन्हा हिंदी.

कोर्टाच्या आवारातल्या एका मशीनवर मी हे समोर बसून पाहिलं. टायपिस्ट ताई पस्तीस-चाळीसच्या वेगानं टाइप करत होत्या. इंग्रजी केस नंबर आला की विंडोज-स्पेस दाबून इंग्रजीत जायच्या, नंबर टाइप करून परत यायच्या. मशीनवर कीबोर्ड तीन: इंग्रजी, हिंदी, मराठी. परतताना कधी एक दाब, कधी दोन. त्यामुळे एकाच वाक्याचा पूर्वार्ध मराठी आणि ‘केस नंबर’नंतरचा उत्तरार्ध हिंदी, आणि लाल रेघ बरोबर तिथूनच सुरू. त्यांना वाटत होतं की नंबर टाकला की स्पेलचेक बिघडतो.

हिंदी लागत नसेल तर विंडोजच्या भाषा-सेटिंगमधून तो कीबोर्ड काढून टाका. हाच पक्का इलाज. फोनेटिकची, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी कळांनी टाइप करायची, सवय असेल तर मराठीचाच फोनेटिक कीबोर्ड घ्या. विंडोज १० मध्ये तो २०१९ च्या मे महिन्यातल्या अद्ययावतीकरणापासून आहे. हिंदीचंही काम करावं लागत असेल तर टूल्स → ऑप्शन्स → लँग्वेज सेटिंग्जमध्ये (नव्या आवृत्त्यांत नाव ‘लँग्वेजेस अँड लोकेल्स’) ‘इग्नोर सिस्टिम इनपुट लँग्वेज’वर खूण करा. मग रायटर कीबोर्डकडे बघणार नाही, फाइलच्या सेटिंगकडे बघेल. ते सेटिंग अर्थात बरोबर हवं.

मूळ सेटिंग आणि स्टाइल

त्याच चौकटीत भाषांच्या पानावर तीन रकाने आहेत: वेस्टर्न, एशियन आणि कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट. मराठी तिसऱ्यात मोडते. नाव वाचून लोक ‘एशियन’मध्ये मराठी शोधत बसतात, तो रकाना चिनी, जपानी, कोरियनसाठी आहे. तिसऱ्या रकान्यात मराठी निवडा, आणि त्याखालच्या ‘फॉर द करंट डॉक्युमेंट ओन्ली’वर खूण नाही ना ते बघा. ती खूण असेल तर तुमची दुरुस्ती या एका फाइलपुरती राहते आणि उद्याची नवी फाइल पहिल्या पदावर.

एवढं करूनही एका ठरावीक नमुना-फाइलमधूनच दुखणं येत असेल तर स्टाइल, म्हणजे परिच्छेदाच्या फाँट-भाषेचा ठरवून ठेवलेला साचा, बघा. ‘डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल’ → फाँट → कॉम्प्लेक्स टेक्स्टचा भाग → भाषा. तिथे मराठी करून नमुना पुन्हा जतन करा. सात-आठ वर्षं चालत आलेले अर्जाचे नमुने कोणी बनवले ते कोणालाच माहीत नसतं, पण त्यातली हिंदी वारशानं चालत राहते.

शब्दकोश आहे का?

भाषांच्या यादीत ज्या भाषेचा शब्दकोश बसवलेला आहे तिच्या नावाशेजारी बरोबरची खूण असलेलं छोटं चित्र दिसतं. मराठीशेजारी ते नसेल तर लिब्रेऑफिसच्या अधिकृत एक्स्टेंशन संकेतस्थळावरून मराठी शब्दकोश उतरवा, तो फुकट आहे. ओएक्सटी विस्ताराची ती फाइल टूल्समधल्या एक्स्टेंशन मॅनेजरमधून घाला आणि प्रोग्रॅम पूर्ण बंद करून उघडा. पूर्ण म्हणजे घड्याळाशेजारी क्विकस्टार्टरचं (लिब्रेऑफिस लवकर उघडावं म्हणून मागे चालू राहणाऱ्या भागाचं) चित्र असेल तर त्यातूनही बाहेर पडा, नाहीतर नवा शब्दकोश वाचलाच जात नाही.

मग लँग्वेज सेटिंग्ज → रायटिंग एड्स. तिथे हन्स्पेलपुढे खूण हवी. ‘एडिट’ दाबून वरच्या यादीतून मराठी निवडा आणि मराठीसाठीही ती आहे ना ते बघा. हन्स्पेल म्हणजे प्रत्यक्ष तपासणी करणारं इंजिन. मूळ हंगेरियनसाठी बनलं, म्हणून नावात ‘हन्’. हंगेरियनमध्ये शब्दाला मागून प्रत्यय चिकटत जातात, तसेच आपल्याकडेही, त्यामुळे मराठीला ते सोयीचं पडतं. एका फाइलमध्ये मूळ शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. दोन्ही जुळवून ते ‘घोड्याला’ बरोबर ठरवतं. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ मात्र लाल दिसलं तर तो बिघाड नव्हे. एवढी लांब साखळी नियमांत कोणी घातलेली नसते. ‘झालं’, ‘केलेलं’ ही बोलीतली अनुस्वाराची रूपंही काही शब्दकोशांत नसतात. कथा-कादंबरी टाइप करणाऱ्यांनी ती स्वतःच्या शब्दकोशात घालून घ्यावीत.

शब्द बरोबर दिसतो, तरी लाल

माझ्या मते सगळ्यात मजेशीर भाग हा. यात सेटिंगचा काही दोष नसतो, दोष अक्षरात असतो.

पहिला गुन्हेगार विसर्ग. विसर्गाची कळ सापडत नाही म्हणून निम्मा महाराष्ट्र कोलन मारतो. ‘दु:ख’ आणि ‘दुःख’ कागदावर सारखेच दिसतात, पण कोलन हे विरामचिन्ह आहे. यंत्राच्या लेखी तिथे शब्द तुटतो आणि ‘दु’ नावाचा शब्द मराठीत नाही. खात्री करायची असेल तर कर्सर त्या चिन्हाच्या लगेच उजवीकडे ठेवून ऑल्ट-एक्स दाबा. अक्षराच्या जागी यूनिकोडचा, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीचा, क्रमांक येईल. त्यात शेवटी ००३ए असेल तर कोलन, ०९०३ असेल तर विसर्ग. पुन्हा ऑल्ट-एक्स दाबलं की अक्षर परत.

आता कोणी उत्साहानं सगळे कोलन एका झटक्यात बदलू नका. आमच्या पोरानं ते केलं आणि एका अर्जात ‘विषय:’चं ‘विषयः’, ‘दिनांक:’चं ‘दिनांकः’ आणि १०:३० चं १०ः३० झालं. एकेक शब्द घ्या: दुःख, निःशुल्क, अंतःकरण, स्वतः, पुनः, प्रातःकाल. पाच-दहा शब्दांतच बहुतेक फाइल साफ होते.

दुसरा गुन्हेगार आडवा रफार. शेतकऱ्यांच्या पीककर्जाचा अहवाल असेल तर ‘शेतकऱ्यांना’ पानात चार वेळा येणारच. हा रफार लिहायचे दोन मार्ग आहेत. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग ‘य’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा जोडक, मग ‘य’. छापून दोन्ही एकच दिसतात, यंत्राला दोन वेगळे शब्द. शब्दकोशात एक प्रकार असेल आणि शब्दकोश बनवणाऱ्यानं दोन्ही जुळवायचा नियम घातला नसेल, तर दुसरा लाल. कर्सर कळीनं एकेक अक्षर सरकवून हे समजत नाही, इथेही ऑल्ट-एक्सच. २००डी दिसलं की तो न दिसणारा जोडक.

‘ॲ’चंही तसंच. हे अक्षर यूनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीची मंडळी ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवायची, आणि जुन्या सवयीचे कीबोर्ड अजूनही तेच करतात. कोणी हिंदीच्या वळणाचा ‘ऍ’ वापरतं. ‘ॲडव्होकेट’ तीन प्रकारे टाइप होतो, पास एखादाच होतो.

तिसरी गोष्ट वेगळीच. पूर्ण फाइल लाल आहे आणि खालच्या पट्टीत भाषा ‘इंग्लिश’ दिसतेय? मजकूर निवडून फाँट निर्मला किंवा मंगल करा. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर तो मजकूर यूनिकोडमध्ये नाहीच. कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. अशा मजकुरावर मराठी स्पेलचेक कधीच चालणार नाही, शंभर शब्दकोश घाला. आधी परिवर्तकातून, म्हणजे जुन्या फाँटातला मजकूर बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून, यूनिकोड करावं लागतं, आणि केल्यावर रफार, जोडाक्षरं आणि ‘ऱ्हस्व’सारखे शब्द डोळ्यांखालून घालावे लागतात.

चूक पास होते

एका लग्नपत्रिकेत ‘आर्शिवाद’ छापून गेलं, पाचशे प्रती. मशीननं रेघ दाखवली नव्हती हे खरं होतं. कोणीतरी कधीतरी उजवं क्लिक करून ‘ॲड टू डिक्शनरी’ दाबलं होतं, आणि तेव्हापासून त्या मशीनसाठी ‘आर्शिवाद’ शुद्ध होता. रायटिंग एड्समध्ये ‘स्टँडर्ड’ निवडून ‘एडिट’ करा. आमच्या यादीत ‘महत्व’, ‘उज्वल’, ‘आर्शिवाद’ आणि एका नवरदेवाचं चुकीचं आडनाव होतं. महिन्यातून एकदा ही यादी चाळावी, पाच मिनिटं लागतात.

कधी दोन शब्दकोश बसवलेले असतात, एक जुना, एक नवा. १९६२ च्या नियमांनी ‘कवि’, ‘गति’ असे शब्द सुटे लिहिताना ‘कवी’, ‘गती’ असे दीर्घ केले, समासात मात्र ऱ्हस्व ठेवले. जुन्या मजकुरावरून बनलेली यादी ‘कवि’लाही पास करू शकते. एक्स्टेंशन मॅनेजरमध्ये एकच शब्दकोश चालू ठेवा. ‘महाराष्ट्र दीन’ तर कुठलाच शब्दकोश पकडणार नाही, कारण ‘दीन’ हाही शब्द आहेच.

प्रोफाइल, आणि नोटपॅडचे उद्योग

वरचं सगळं झालं, चार शब्द तरी लाल, तर हेल्प → रीस्टार्ट इन सेफ मोड. सेफ मोडमध्ये तुमची स्वतःची सेटिंग्ज बाजूला ठेवून प्रोग्रॅम उघडतो. तिथे लाल रेघांचा प्रकार बदलला तर दोष प्रोफाइलमध्ये आहे. तीच चौकट प्रोफाइल नव्याने बनवून देते, पण आधी जुन्या प्रोफाइलचं संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. तुमचे ऑटोटेक्स्ट (साठवून ठेवलेले मजकुराचे तुकडे), नमुने, मॅक्रो (ठरलेली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) आणि वर्षानुवर्षं जमवलेली शब्दांची यादी त्यातच असते. एकदा घाईत मी ही पायरी गाळली आणि एका साप्ताहिकाची गावांच्या नावांची यादी घालवली. त्यांनी चहा पाजला, पण पुढचा महिनाभर फोन केला नाही.

चारही शब्द लाल असतील आणि कोणी शब्दकोशाची फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘सुधारली’ असेल तर शोध संपला. जुन्या नोटपॅडचं जतन करायचं मूळ एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरी पेलणारं यूटीएफ-८ नव्हतं. त्यात देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. दुरुस्त करत बसू नका, एक्स्टेंशन काढून नवं घाला.

इथे थांबा

मशीन बँकेचं किंवा सरकारी ऑफिसचं असेल आणि एक्स्टेंशन घालताना ॲडमिनचा पासवर्ड मागत असेल तर तुमच्या संगणक विभागाला कळवा. पळवाट शोधू नका. मशीन त्यांच्या नावावर आहे.

प्रोफाइलमध्ये कोणीतरी लिहून दिलेले मॅक्रो असतील, पावत्या-पत्रं त्यावरच निघत असतील, तर ज्यानं ते लिहिले त्याला आधी बोलवा. प्रोफाइलला नंतर हात लावा.

दोनशे पानांचं पुस्तक जुन्या फाँटात असेल आणि छपाईची तारीख ठरली असेल तर परिवर्तन डीटीपीवाल्याकडून आणि वाचन मुद्रितशोधकाकडून करून घ्या. पैसे लागतील. मी स्वतः अशी कामं घेत नाही, पुढे पाठवतो.

आणि शब्दकोश बसवूनही दोन-चार दिवसांनी गायब होत असेल, सोबत इतर फाइलीही उघडेनाशा होत असतील, मशीन सुरू व्हायला वेळ घेत असेल, तर स्पेलचेक विसरा. हार्डडिस्क जायला लागलीय. नवीन काहीही घालू नका, आहे ते आजच दुसरीकडे उतरवा आणि मशीन हार्डवेअरवाल्याकडे न्या.